कारण द्या, खुर्ची मांडा

इनाससर गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुबईच्या मीना बाजारात एका कापडवाल्याशी हुज्जत घालत उभी होते. मुलीच्या ड्रेसला त्यानं दिलेलं अस्तर पहिल्याच धुण्यात आटलं होतं आणि तो शहाणा मलाच शिकवत होता की, मॅडम, पाणी गरम असेल. माझा आवाज चांगला चढलेला, त्यात फोन वाजला. सरांच्या बायकोचं, फिलोमिनाताईंचं नाव दिसलं म्हणून घाईघाईत उचलला आणि म्हटलं, "ताई, दोन मिनिटांत करते." पलीकडून त्या म्हणाल्या, "फरीदा, सर उठत नाहीत गं..." बस, एवढंच. अस्तर तिथंच टाकलं आणि टॅक्सी पकडली. अल बर्शाला त्यांच्या घरी पोचले तोवर ॲम्ब्युलन्स त्यांना घेऊन गेली होती, आणि हॉस्पिटलात पोचले तोवर डॉक्टरांनी ताईंना सांगूनही टाकलं होतं. दुपारचं जेवून आडवे झाले होते, झोपेतच हृदय थांबलं. आता दीड महिना होत आला, तरी कापडाच्या दुकानासमोरून जाताना मी रस्ता ओलांडून पलीकडे होते.

परदेशात माणूस गेला की रडायला उसंत मिळत नाही हे इथं राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. हॉस्पिटलचा दाखला, पोलिसांचं ना हरकत पत्र, व्हिसा रद्द, कॉन्सुलेट, मग शव टिकवण्याची प्रक्रिया, मग विमानाचा कार्गो. एका खिडकीवरचा कागद दुसऱ्या खिडकीवर दाखवल्याशिवाय तिसरी उघडत नाही. आमच्या मराठी मंडळात हे सगळं मुश्ताकभाई बघतात. रत्नागिरीकडचे, माझ्याच तालुक्यातले, एका मालवाहतूक कंपनीत मॅनेजर, आणि तोंडानं असे की समोरच्याला वाटावं मेलेला परवडला. पण गेली कित्येक वर्षं हिंदू असो, मुसलमान असो, ख्रिश्चन असो, आमच्या लोकांची मयतं त्यांनीच घरी पोचवली आहेत. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमधून मी त्यांनाच फोन लावला. सरांचं नाव ऐकून ते म्हणाले, "आपा, फार वाईट झालं. माझ्या हातात एक आहे, अजमानचा. क्रेन चालवायचा. त्याचं झालं की सर."

"झालं की म्हणजे? अहो, सर आहेत ते!"

"ऐकलं मी. त्याचं झालं की सर."

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. सरांची आई वसईला आहे, नव्वदीच्या पुढची. नजर गेलीय, कान शाबूत आहेत. मुलगा गेल्याचं कळल्यावर तिनं रडायच्या आधी एकच विचारलं म्हणे, "कधी आणताय?" त्या बाईला काय सांगायचं, तुझ्या मुलाचा नंबर दुसरा आहे? मी तडक मंडळाच्या अध्यक्षांना, शिरीष टिपणीसांना, फोन केला. म्हटलं, अध्यक्ष आहात, हुकूम सोडा, सरांना पुढे घ्या. टिपणीस जे बोलले ते मी सांगणारच आहे. पण हा नियम आला कुठून ते आधी सांगायला हवं, नाहीतर तुम्हीही माझ्यासारखे उगाच मुश्ताकभाईंवर डाफराल.

सरांची माझी ओळख शाळेतली. अल बर्शातल्या त्या शाळेचा अभ्यासक्रम अमेरिकेचा, मुलं साऱ्या जगाची, आणि त्यांना अमेरिकेची राज्यघटना शिकवणारा मास्तर वसईचा, इनास तुस्कानो. आहे की नाही गंमत! मी परीक्षा विभागात. माझं टेबल आणि सरांचा वर्ग यांच्यामध्ये एक पार्टिशन होतं, तेही नावालाच. त्यामुळे मार्कांच्या याद्या तपासता तपासता मी ती घटना कानानंच शिकले. त्यांचा सगळ्यात आवडता धडा कुठला असेल, तर अध्यक्षाला काय करता येत नाही हा. तिथल्या संसदेनं काही सरकारी संस्था अशा बांधल्या की त्यांचे प्रमुख अध्यक्षानंच नेमायचे, पण मनात आलं म्हणून त्यांना काढायचं नाही. काढायचं तर कारण द्यायचं: काम टाळलं, गैरवागणूक केली, काम जमेनासं झालं. "माझं ऐकत नाही" हे कारण त्यात नाही. पोरं विचारायची, असं का? सर म्हणायचे, टॉस जिंकलेल्या कॅप्टनला बॅटिंग निवडता येते, अंपायर निवडता येत नाही. अमेरिकन पोरांना त्यातलं ओ की ठो कळायचं नाही. पाकिस्तानी, श्रीलंकन आणि आमची पोरं खो खो हसायची.

आणि मग खुर्ची. एक पोर अध्यक्ष, दुसरं त्या संस्थेचं प्रमुख. प्रमुखाला सगळ्या वर्गाच्या समोर खुर्चीत बसवायचं, आणि अध्यक्षानं त्याच्या तोंडावर सांगायचं की तुला का काढतोय. ज्या दिवशी प्रमुख झालेलं पोर आजारी असेल त्या दिवशीही खुर्ची मांडली जायची, रिकामी. "तो आला नाही म्हणून त्याच्या पाठीमागे बोलायचं का?" सर विचारायचे. "खुर्चीकडे बघ आणि बोल. 'तो' म्हणायचं नाही. 'यू' म्हणायचं." पार्टिशनच्या या बाजूला बसून मी ऐकायचे, वर्गात तावातावानं बोलणारी पोरं त्या रिकाम्या खुर्चीसमोर उभी राहिली की हळूहळू अडखळायला लागायची.

एकदा हाना नावाच्या एका इजिप्शियन मुलीनं त्यांना अडवलं. ती म्हणाली, सर, अध्यक्षाला लोकांनी निवडून दिलंय, या खुर्चीतल्या माणसाला कोणी निवडलंय? लोकांनी निवडलेल्या माणसाला न निवडलेला माणूस नाही म्हणणार, ही कसली लोकशाही? मला वाटलं आता सर तिला झापणार. मधल्या सुट्टीत डबा घेऊन माझ्या टेबलाशी आले तर चेहरा नुसता फुललेला. फिलोमिनाताईंनी तळून दिलेले वसईचे फुगे माझ्यापुढे सरकवले, माझ्या डब्यातलं सांदण उचललं आणि म्हणाले, "फरीदाबाई, आज पोरीनं मला गप्प केलं! आणि बरोबर केलं. हा प्रश्न सोपा असता तर मी भूगोल शिकवला असता." वाद हरल्यावर इतका खूश होणारा पुरुष मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

मागच्या वर्षी मात्र त्यांचं हसू कमी झालं. तिकडच्या अध्यक्षानं अशा संस्थांच्या प्रमुखांना धडाधड काढायला सुरुवात केली, प्रकरणं कोर्टात गेली, आणि संसदेची ही अट मान्य करणाऱ्या ज्या जुन्या निकालावर सरांचा अख्खा धडा उभा होता तोच डळमळायला लागला. सर सुट्टीतही फोनमध्ये डोकं घालून निकालपत्रं वाचत बसायचे. डबा तसाच. एक दिवस मी वैतागून म्हटलं, "सर, तुम्हाला तिथं मत आहे का? इथं आहे का? आपल्या गावी तरी शेवटचं मत कधी दिलं होतं? मग कशाला रक्त आटवता?" त्यांनी फोन उलटा ठेवला आणि मला पहिल्यांदाच एक गोष्ट सांगितली. या देशात आले तेव्हा शारजात एका ट्रेडिंग कंपनीत कारकून होते. एका सकाळी मॅनेजरनं बोलावलं, वर न बघताच म्हणाला, "खलास." का, ते सांगितलं नाही. नोकरी गेली की व्हिसा जातो, व्हिसा गेला की खोली जाते. फिलोमिनाताई तेव्हा पोटुशी होत्या. "मी त्याला फक्त एवढंच म्हटलं, साहेब, माझ्याकडे बघून सांगा," सर म्हणाले. "त्यानं बघितलं नाही... फरीदाबाई, आपण सगळेच इथं एका ईमेलवर उभे आहोत. काढण्याला नियम का हवा ते आपल्याला नाही कळणार तर कोणाला?" मी त्यांचा डबा उघडून त्यांच्यापुढे ठेवला.

आमच्या मंडळाची घटना सरांनीच लिहिली होती. सभासदांची वर्गणी, गणपती, नाताळ, ईद मिलन, असली नेहमीचीच कलमं. त्यात एक अंतिम मदत समिती, म्हणजे मुश्ताकभाईंची. तिचा प्रमुख अध्यक्षानं नेमायचा, पण कारणाशिवाय काढायचा नाही. काढायचा तर सगळ्या सभासदांची सभा बोलवायची, कारण द्यायचं आणि प्रमुखासाठी समोर खुर्ची मांडायची. शिवाय समितीच्या कामाचा एक नियम होता: एका वेळी एकच मयत हातात घ्यायचं, आणि ज्याची बातमी आधी आली त्याचं काम आधी करायचं. सुरुवातीला एकदा दोन कामं एकत्र चालवली होती, तेव्हा एकाच आडनावाच्या दोघांचे पासपोर्ट अदलाबदल होऊन एकाचा दुसऱ्याच्याच शवपेटीबरोबर मुंबईला गेला. ज्याचा गेला तो बिचारा इथं शीतपेटीत अडकून पडला. त्या दिवसापासून मुश्ताकभाईंनी हा नियम धरला आणि सरांनी तो घटनेत घातला. सगळ्यांनी माना डोलावल्या. अशा कलमांना हात वर करताना कोणाला वाटतं की एक दिवस तेच आपल्या घशाला येईल?

आता तुम्हाला वाटेल सर आणि मुश्ताकभाई जिगरी दोस्त असतील. छे! एकमेकांचं तोंड बघायचे नाहीत. फिलोमिनाताईंचा भाऊ शारजात वारला तेव्हा मुश्ताकभाई घरी आले, हंबरडा फोडणाऱ्या बहिणीसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "रडणं मागाहून. आधी पासपोर्ट." सरांनी ते कधीच विसरलं नाही. "त्या माणसाला काळीजच नाही," असं ते मला कितीदा तरी म्हणाले असतील. मुश्ताकभाई सरांना 'किताबी कीडा' म्हणायचे, तेही तोंडावर. उलट टिपणीस म्हणजे सरांचा जीव की प्राण. इंटरनॅशनल सिटीच्या बाजूला टाइल्सचा धंदा, स्वभावानं दिलदार, कोणाचं काही अडलं की गाडी काढून हजर. शुक्रवारची अर्धी सुट्टी झाली की सरांच्या घरी या दोघांचा कॅरम. फिलोमिनाताई चहा देऊन देऊन थकायच्या.

आणि अशात तो प्रसंग आला. टिपणीसांच्या गोदामात काम करणारा सागर नावाचा साताऱ्याकडचा मुलगा अपघातात गेला. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, बायको गावी, दिवस भरत आलेले. टिपणीसांना तो मुलासारखा. त्यांनी मुश्ताकभाईंना सांगितलं की याला आजच्या आज हातात घ्या. मुश्ताकभाई म्हणाले, माझ्या हातात एक आहे. कोण? तर सोनापूरच्या लेबर कॅम्पमधला एक म्हातारा गवंडी. गावी एक पुतण्या, तोही फोन उचलेना. टिपणीस म्हणाले, अहो, त्याची कोणी वाट बघत नाही, इकडे एक पोटुशी पोरगी जीव मुठीत धरून बसलीय! मुश्ताकभाईंचं उत्तर सगळ्या दुबईला माहीत झालं: "त्याचं कोणी नाही, म्हणून त्यालाच मागे टाकू?" दुपारी ग्रुपवर अध्यक्षांचा मेसेज आला की मुश्ताक यांना पदावरून दूर करण्यात आलं आहे, समितीच्या माणसांनी आता थेट अध्यक्षांशी बोलावं.

मी खरं सांगते, तो मेसेज वाचून मला बरं वाटलं. त्या पोरीच्या जागी माझी मुलगी दिसत होती मला. पण खाली सरांचं एकच वाक्य आलं: "अध्यक्षांना हा अधिकार नाही. सभा बोलवा." त्यानंतर ग्रुपवर जे काही झालं ते विचारू नका. सरांना लोकांनी काय काय नाही म्हटलं! पुस्तकी, निर्दयी... एकानं तर लिहिलं की अमेरिकेत जाऊन शिकवा. समितीची दोन माणसं गोंधळून कामच थांबवून बसली, म्हणजे म्हाताराही अडकला आणि सागरही. साताऱ्याहून त्या मुलीचा भाऊ तासातासाला फोन करायचा. मी सरांना फोन करून अक्षरशः ओरडले, "तुमच्या कलमापायी दोन माणसं शीतपेटीत पडलीत!" ते म्हणाले, "माहीत आहे." मी वाट बघितली की काहीतरी बचाव करतील. केला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सभा झाली, बर दुबईतल्या एका हॉटेलच्या माडीवर, जिथं आमच्या सगळ्या सभा होतात. देवळाच्या गल्लीतून अगरबत्तीचा वास येत होता, खाली तव्यावर पराठे पडत होते, आणि वर माणसं अशी बसलेली की एकानं हात उचलला तर दुसरा उठेल. मुश्ताकभाई आलेच नाहीत. एकट्यानं त्या म्हाताऱ्याचे कागद घेऊन फिरत होते, पदावर असोत नसोत. सरांनी एक प्लास्टिकची खुर्ची ओढत आणली आणि अध्यक्षांच्या समोर मांडली. रिकामी. टिपणीसांचा चेहरा लालेलाल.

"इनास, हा वर्ग नाही."

"शिरीष, ही सभा आहे. कारण सांग. त्यांच्याकडे बघून सांग."

टिपणीस उठले. आधी आमच्याकडे बघून बोलायला लागले, "या माणसानं..." सर मध्येच म्हणाले, "समोर. 'तुम्ही' म्हण." टिपणीस त्या खुर्चीकडे वळले. "मुश्ताकभाई, तुम्ही..." आणि अडकले. पुन्हा सुरुवात केली. "तुम्ही माझं ऐकलं नाहीत. मी पाया पडलो तुमच्या, तरी ऐकलं नाहीत. लोकांनी मला निवडून दिलंय, तुम्हाला कोणी निवडलंय?" मी दचकलेच. हानाचाच प्रश्न, शब्द न शब्द. मी सरांकडे बघितलं. यावेळी चेहरा फुलला नव्हता. ते हळू आवाजात म्हणाले, "प्रश्न बरोबर आहे. म्हणून तर सभा आहे. ते काम टाळतात का? गैरवागणूक केली? काम जमत नाही त्यांना? यातलं एक सांग, पहिला हात मी वर करतो. माझं त्यांच्याशी पटत नाही, हे इथं सगळ्यांना माहीत आहे." टिपणीस बराच वेळ त्या खुर्चीकडे बघत उभे राहिले. मग खाली बसले. एकही कारण दिलं नाही त्यांनी. म्हणजे खोटं कारण दिलं नाही, आणि ते काही थोडं नव्हे.

तरी मतं घेतली. मी टिपणीसांच्या बाजूनं हात वर केला, सरांच्या डोळ्यांत बघून केला, आणि मला आजही त्याची लाज वाटत नाही. थोडक्या मतांनी मुश्ताकभाई राहिले. म्हातारा आधी गेला, सागर त्याच्यामागून. सागरची शवपेटी कार्गोला लावली तेव्हा सर शाळेतून रजा काढून तिथं गेले आणि टिपणीसांच्या शेजारी उभे राहिले. टिपणीसांनी मान वळवून बघितलंही नाही.

सभेच्या त्या रात्री मी आणि सर अब्रा बोटीत बसलो होतो, खाडी ओलांडून पलीकडच्या काठाला जायला. बोटीचं इंजिन धडधडत होतं, त्यामुळे बोलायला ओरडावं लागे, म्हणून आम्ही बोलतच नव्हतो. मध्यावर गेल्यावर ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "ती मुलगी मला कधी माफ करणार नाही ना?" मी म्हटलं, "नाही करणार." त्यांनी मान हलवली. मला वाटतं त्यांना माझ्याकडून तेच ऐकायचं होतं. कोणीतरी गोड बोललं असतं तर ते रडले असते. उतरताना त्यांना बोटीच्या काठाचा अंदाज आला नाही आणि मी दंडाला धरून त्यांना वर घेतलं.

त्यानंतर शुक्रवारचा कॅरम बंद पडला. टिपणीस समोर दिसले की सर "नमस्कार" म्हणायचे आणि टिपणीस फोन कानाला लावायचे. मुश्ताकभाईंनी तरी आभार मानावेत? नाव नाही! एकदा जिन्यात भेटले तर म्हणाले, "सर, तुम्ही माझ्यासाठी केलं असं समजू नका हां." सर म्हणाले, "इन्शाल्ला, पुढेही तुमच्यासाठी काही करणार नाही." फिलोमिनाताई मला सांगायच्या, कॅरमबोर्ड कपाटामागे टाकलाय, पण शुक्रवारी चहाचं आधण सर अजून दोघांचंच ठेवायला लावतात.

तर हे सगळं असं. आणि त्या दुपारी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये उभी राहून मी त्याच टिपणीसांना म्हणत होते की हुकूम सोडा. पलीकडून बराच वेळ काही आलं नाही. मला वाटलं, जुना राग. मी आणखी भडकले, "अहो, तुमचा मित्र होता ना तो?" तेव्हा मला कळलं की टिपणीस रडत होते.

"फरीदाताई, मला अधिकार नाही."

"अध्यक्ष कोण आहे? तुम्ही की मी?"

"मी. आणि मला अधिकार नाही. मी मघाशीच मुश्ताकला फोन केला होता. तुमच्याही आधी. पाया पडतो म्हटलं."

"मग?"

"म्हणाला, कारण द्या, खुर्ची मांडा." टिपणीसांनी नाक ओढलं. "काय कारण देऊ, ताई? इनास माझा मित्र होता, हे कारण त्यानं लिहून नाही ठेवलं..."

मग आम्ही थांबलो. अजमानचा तो क्रेनवाला पुढे, सर मागे. फिलोमिनाताईंच्या घरी सकाळ-संध्याकाळ रोझरी, शेजारची केरळची बाई पेजेचा डबा आणून ठेवायची, सरांचा मुलगा रॉय कॅनडाहून पोचला आणि मला सारखा विचारत राहिला, "आंटी, व्हाय इज इट टेकिंग सो लाँग?" मी त्याला काय सांगणार होते? तुझ्या बाबांनीच केलंय म्हणून? वसईहून आजी रोज फोनवर विचारायची, "निघाला का?" तिला 'नाही' सांगायचं काम माझ्याकडे आलं होतं. शेवटी एक दिवस मी चिडून तिला सगळं सांगून टाकलं, नियम, म्हातारा गवंडी, खुर्ची, सगळं. म्हातारी ऐकत होती. मग म्हणाली, "पुढं कोण हाय?" मी म्हटलं, एक क्रेनवाला आहे, आजी, त्याची बायको गावी वाट बघतेय. "मग जाऊ दे त्याला," ती म्हणाली, "मी बसलेय."

क्रेनवाला गेला आणि त्याच दुपारी मुश्ताकभाई अल बर्शाला आले. दारात उभे. चप्पल काढावी की नाही असे घुटमळत होते. मी मनात म्हटलं, आता जर हा बाबा 'रडणं मागाहून' म्हणाला तर मी याला जिन्यावरून खाली ढकलीन. त्यांनी तोंड उघडायच्या आत फिलोमिनाताई उठल्या आणि पासपोर्ट त्यांच्यापुढे धरला. मुश्ताकभाईंनी तो दोन्ही हातांत घेतला. "रडून घ्या, वहिनी," ते म्हणाले, "मी थांबतो." आणि खरंच थांबले, तिथंच दाराशी, उभ्यानं. मग गेले आणि कामाला लागले. सर वसईला पोचले, आईनं चेहऱ्यावरून हात फिरवून त्यांना ओळखलं, आणि दुसऱ्या दिवशी दफन झालं.

शोकसभा त्याच माडीवर ठेवली होती. टिपणीस लिहून आणलेला कागद उलगडून वाचायला लागले, "कै. इनास तुस्कानो हे एक व्यासंगी शिक्षक होते, त्यांनी मंडळाच्या..." तेवढ्यात मागून फरशीवर काहीतरी घासत येण्याचा आवाज आला. मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमाला न येणारे मुश्ताकभाई प्लास्टिकची एक खुर्ची ओढत पुढे आणत होते. अध्यक्षांच्या बरोबर समोर ती मांडली आणि म्हणाले, "ते आलेत असं समजा. आता बोला. 'ते' नको." टिपणीसांनी कागद घडी करून खिशात टाकला. त्या खुर्चीकडे बघायला त्यांना वेळ लागला.

"इनास," ते म्हणाले, "तू चुकलास असं मला तेव्हा वाटलं होतं. आजही मला पुरतं पटलेलं नाही. पण तू गेलास आणि मी मुश्ताकला फोन केला ना, तेव्हा त्यानं नाही म्हटलं आणि... मला राग नाही आला रे. मला वाटलं, तू अजून आहेस." मग त्यांनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. "शुक्रवारी ये," एवढंच कसंबसं म्हणाले आणि खाली बसले.

हा लेख लिहायला बसले तेव्हा 'सर असे होते, सर तसे होते' काही केल्या जमेना. दोनदा फाडलं. मग आमच्या जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची ओढून समोर घेतली. सर, मी तुमच्या विरोधात हात वर केला होता. सागरच्या बायकोसाठी आजही करीन. आणि तुमच्यासाठी टिपणीसांना फोन केला, तोही पुन्हा करीन, माझा स्वभावच तसा. पण त्यांनी नाही म्हटलं तेव्हा, सर, त्या कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून मी रडले, ते तुम्ही गेलात म्हणून रडले की तुमचा नियम टिकला म्हणून, ते मला अजून सांगता येत नाही. एवढं म्हणेपर्यंत माझी मुलगी लॅपटॉप घेऊन आली. "अम्मी, कॅन आय टेक धिस चेअर?"

म्हटलं, "दुसरी घे. माझं बोलून व्हायचंय अजून."